सहा स्क्रीन, एक संगणक आणि ती ११ मिनिटं

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. ट्रेडिंगच्या टेबलासाठी पैसे काढायचेच असतील तर आधी दुसरा मॉनिटर घ्या. मग दुसरा संगणक. तिसरा मॉनिटर त्यानंतर, आणि तोही अगदीच अडलं तर. चौथा, पाचवा आणि सहावा मी घेऊन पाहिलेत. त्यांचं काय झालं ते ओघात येईलच.

मी २८ वर्षं अमोनिया प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट केल्या. निवृत्त झाल्यावर इंट्राडे ट्रेडिंगला, म्हणजे सौदा त्याच दिवशी उघडून त्याच दिवशी बंद करायच्या धंद्याला लागलो तेव्हा डोळ्यांना सवय होती ती भिंतभर आकड्यांची. त्यामुळे टेबल मांडता मांडता मी नकळत कंट्रोल रूमच मांडत गेलो. दोन वर्षांत एकाचे सहा मॉनिटर झाले. "बाबा, आता फक्त एक भोंगा लाव," असं मुलगी म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. या सगळ्या थाटामागे संगणक मात्र एकच होता. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावरूनच आहे.

सुरुवात २४ इंची फुल एचडी मॉनिटरने झाली. त्यावर चार्ट, चार्टवर ऑर्डरची खिडकी, तिच्यामागे मार्केट डेप्थ (कोणत्या भावाला किती घेणारे आणि किती विकणारे उभे आहेत ती यादी), आणि सतत ऑल्ट-टॅब. त्या कळीवरची अक्षरं पुसट झाली. खरा त्रास बोटांना नव्हताच. ऑर्डरची खिडकी उघडली की ती नेमकी चार्टवर बसायची, म्हणजे ज्या क्षणाला भाव बघायचा त्याच क्षणाला तो झाकलेला. एकदा या झाकाझाकीत एका चार्टकडे बघून भलत्याच काँट्रॅक्टमध्ये ऑर्डर टाकली. नुकसान किरकोळ झालं, पण दुसऱ्या दिवशी मी दुसरा मॉनिटर घेऊन आलो.

त्या दुसऱ्या मॉनिटरला मी दहापैकी दहा देतो. या टेबलावर त्यानंतर आलेल्या कुठल्याही वस्तूने एवढा फरक पाडला नाही. डावीकडे चार्ट, उजवीकडे ऑर्डर, पोझिशन (हातातला उघडा सौदा) आणि डेप्थ. काही झाकायचं नाही, काही उघडायचं नाही. मान दोन-चार अंश वळवली की झालं. ज्यांच्याकडे आज एकच स्क्रीन आहे आणि जे "मॉनिटर की संगणक" या प्रश्नात अडकलेत, त्यांनी अडकू नये. हा मॉनिटर आणा, आणि प्रश्नाचा उरलेला भाग सहा महिन्यांनी काढा.

आकाराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक इंच बघतात आणि पिक्सेल विसरतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर दर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल बसतात. तेच १९२० गुणिले १०८० पिक्सेल २७ इंचांवर ताणले की चार्ट मोठा दिसतो, पण त्यात जास्तीची एकही कँडल (ठरावीक वेळातला भाव दाखवणारी चार्टवरची पट्टी) मावत नाही. फक्त अक्षरं जाड होतात. २७ इंच घ्यायचाच असेल तर २५६० गुणिले १४४० चा (१४४०पी) घ्या. फुल एचडीपेक्षा पाऊणपटीहून थोडे जास्तच पिक्सेल त्यात वाढतात, आणि इंचाला सुमारे १०९ बसत असल्यामुळे माझ्यासारख्या चष्मेवाल्यालाही विंडोजचं स्केलिंग न वाढवता वाचता येतं. २७ इंची ४के मॉनिटर दुकानात फार देखणा दिसतो, पण तिथे इंचाला १६३ पिक्सेल. अक्षरं मुंगीएवढी. मग तुम्ही स्केलिंग १५० टक्के करता आणि जागा परत १४४०पी एवढीच उरते. फोटोचं काम करणाऱ्यांना त्या बारकाईचा उपयोग असेल. कँडल ही शेवटी एक पट्टी असते.

४३ इंची ४के हा वेगळा प्राणी आहे. ४के म्हणजे हिशेबाने बरोबर चार फुल एचडी स्क्रीन, दोनावर दोन, मधल्या पट्ट्या वगळून. एका मित्राने त्याचा तो मॉनिटर मला महिनाभर वापरायला दिला होता. एकच केबल, एकच वीजजोड, आणि विंडोजच्या पॉवरटॉईज या फुकट साधनांमधलं फॅन्सीझोन्स लावलं की खिडक्या आपापल्या चौकटीत जाऊन बसतात. मला आवडला. मग तरी का घेतला नाही? एक तर टेबल खोल हवं, नाहीतर पहिल्या बाकावर बसून सिनेमा बघितल्यासारखं होतं. दुसरं, तो बिघडला तर चारही स्क्रीन एकदम जातात. ही दुसरी शंका माझ्या नोकरीतून आलेली आहे, आणि ती मला पुढे नेमक्या चुकीच्या ठिकाणी विसरायला झाली.

आता त्या सहांबद्दल. तीनावर तीन, २४ इंची, दोन खांबांच्या स्टँडवर. एक मॉनिटर सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे रांग झाली १६० सेंटिमीटरची. मी बसतो स्क्रीनपासून ६५ सेंटिमीटरवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायला शंभर अंशांचा फेरा. माणसाच्या डोळ्याला खरंखुरं स्पष्ट दिसतं ते मध्यभागी दोनेक अंशांत, हात लांब करून अंगठ्याचं नख धरावं तेवढ्यात. बाकी सगळं अंधूक असतं. डोळा भराभर फिरतो म्हणून आपल्याला ते कळत नाही. तेव्हा सहा स्क्रीन म्हणजे सहा गोष्टी एकदम दिसतात ही समजूत चुकीची आहे. एक नखभर दिसतं, आणि ते नख कुठे न्यायचं हे ठरवण्यातच माणूस दमतो.

वरची रांग तर मानेची वैरीण. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी हा साधा नियम, आणि माझी वरची रांग तिथून सुरू होत होती. तीन महिन्यांत मान धरली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "दिवसभर वर काय बघता?" मला उत्तर देताना लाज वाटली, कारण वर होतं काय? एकावर मूक केलेली बातम्यांची वाहिनी, एकावर निर्देशांकाचा दिवसाचा चार्ट जो मी दिवसातून दोनदा बघायचो, आणि एकावर बहुतेक वेळा विंडोजचं डोंगर-नदीचं चित्र.

हे मला आधी कळायला हवं होतं. कंट्रोल रूमच्या धंद्यात सगळ्यांना शिकवली जाणारी एक घटना आहे: २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त अलार्म वाजले आणि ऑपरेटरना त्यातलं महत्त्वाचं कोणतं हेच उमजेना. त्यानंतर कंट्रोल रूमची रचना करणाऱ्यांनी हळूहळू माहिती कमी करायला सुरुवात केली. मी ती कमी केलेली भिंत २८ वर्षं वापरली आणि घरी येऊन जुनी भिंत बांधली! माणूस नोकरीत शिकलेलं घरी का वापरत नाही, देव जाणे. त्या घटनेतली दुसरी एक गोष्ट ट्रेडिंगच्या जास्त कामाची आहे. ती थोड्या वेळाने सांगतो.

सहा मॉनिटर जोडण्याची कथा वेगळीच. साधारण ग्राफिक्स कार्डातून चार मॉनिटर निघतात. पाचवा आणि सहावा कुठे लावायचा? मदरबोर्डवरची जागा बायोसमध्ये जाऊन चालू करता येते, ती केली आणि पाचवा लागला. सहाव्यासाठी मी यूएसबीतून चित्र नेणारा एक ॲडाप्टर आणला. कुणाचा ते सांगत नाही, कारण दोष त्या कंपनीपेक्षा माझ्या वापराचा होता. असे ॲडाप्टर चित्र दाबून लहान करायचं काम संगणकाच्या प्रोसेसरकडूनच करून घेतात. एरवी कळत नाही. पण बाजार उघडतो त्या पहिल्या पंधरा मिनिटांत भाव धो धो येतात, प्रोसेसर आधीच घामाघूम असतो, आणि त्यात हे ओझं. माऊस अडखळायला लागला तो नेमका त्या पंधरा मिनिटांत.

केबलच्या दोन ठेचा सांगतो, तुम्हाला लागू नयेत म्हणून. मित्राचा ४के मॉनिटर जोडला तेव्हा माऊसचा बाण पाण्यातून चालल्यासारखा वाटायचा. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की ज्या जुन्या लॅपटॉपवर मी तो करून बघत होतो त्याचा एचडीएमआय जोड १.४ चा होता, आणि त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० हवं असेल तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट पाहिजे. दुसरी ठेच अशी की डिस्प्लेपोर्टमधून निघून एचडीएमआय मॉनिटरला जाणारी साधी केबल मिळते आणि चालते, पण तीच उलटी लावून चालत नाही. संगणकाकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट असेल तर वेगळा, स्वतःची वीज घेणारा ॲडाप्टर लागतो. मी उलटी लावून मॉनिटर बिघडलाय म्हणून परत द्यायला निघालो होतो.

आणि हो, डिस्प्लेपोर्टवरचे मॉनिटर झोपून उठले की खिडक्या सगळ्या एकाच स्क्रीनवर ढीग होऊन पडायच्या. विंडोज ११ मध्ये मॉनिटरप्रमाणे खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, त्याने बरंच निभावतं. तरी बाजाराच्या वेळेत मॉनिटर झोपूच नयेत अशी सोय करून ठेवलेली बरी.

माऊस अडखळायला लागल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा दुसऱ्या संगणकाचा विचार आला, आणि तो चुकीच्या कारणासाठी आला. मला वाटलं संगणक थकलाय, काम वाटून देऊ. मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिने टास्क मॅनेजर उघडायला लावला. प्रोसेसर १३ टक्के. म्हटलं, बघ, मोकळाच आहे. ती म्हणाली, "बाबा, यात आठ कोअर आहेत. एक कोअर पूर्ण भरला तरी एकूण आकडा साडेबारा टक्केच दिसतो." मग तिने आठही कोअरचे वेगवेगळे आलेख उघडले. सात आरामात पडलेले आणि एक डोक्याला टेकलेला. चार्टचे बरेच प्रोग्रॅम आपलं मुख्य काम एकाच कोअरवर करतात. त्यामुळे जास्त कोअरचा संगणक घेऊन फायदा नाही, एकेका कोअरचा वेग जास्त हवा. ग्राफिक्स कार्डही खेळाडू मुलांसारखं दांडगं लागत नाही. रेषा आणि पट्ट्या काढायला त्याला काही पडत नाही. मी यूएसबीचा ॲडाप्टर काढला, चार्टवरच्या २२ इंडिकेटरमधले (भावावरून हिशेब करून काढलेल्या रेषांमधले) १७ उडवले, ब्राउझरमधले टॅब आवरले आणि रॅम १६ वरून ३२ जीबी केली. अडखळणं गेलं. वेग कमी पडतो म्हणून दुसरा संगणक घेणाऱ्या दहांतल्या आठ जणांचं काम एवढ्यात भागेल असं माझं मत आहे. आकडा माझा अंदाज आहे, पण पैज लावायला तयार आहे.

याला एक अपवाद. जे बॅकटेस्टिंग करतात, म्हणजे जुन्या भावांवर आपली पद्धत तासन्‌तास चालवून बघतात, त्यांनी ते काम ट्रेडिंगच्या संगणकावर बाजाराच्या वेळेत करूच नये. तिथे सगळे कोअर भरतात, पंखा विमानासारखा वाजतो, आणि ऑर्डरची खिडकी तुमच्याकडे बघून गोठते. त्यासाठी वेगळा डबा घ्या, जुना घेतलात तरी चालेल, आणि तो दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता ती ११ मिनिटं.

बाजार उघडून तासभर झाला होता. माझी पोझिशन होती आणि ती माझ्या विरुद्ध जायला लागली होती. टक् असा आवाज आला आणि सहाही मॉनिटर एकदम काळे झाले. संगणकाचा पॉवर सप्लाय गेला होता, हे नंतर कळलं. त्या क्षणाला एवढंच कळत होतं की समोर दीड मीटर रुंद काळी भिंत आहे आणि मला एकही आकडा दिसत नाही. सहा मॉनिटर अगदी धडधाकट होते, प्रत्येकाचा छोटा दिवा इमानाने जळत होता.

लॅपटॉप कपाटात होता. तीन आठवडे उघडला नव्हता. तो उघडला तर अपडेट सुरू. ते संपलं तर बॅटरी सात टक्के आणि चार्जर बैठकीच्या खोलीत. ट्रेडिंगचा प्रोग्रॅम उघडला तर तो म्हणतो नवी आवृत्ती घ्या. घेतली. लॉगिन केलं तर म्हणतो हे यंत्र ओळखीचं नाही, फोनवरचा कोड टाका. फोन मी दुसऱ्या खोलीत ठेवून आलो होतो, शिस्त म्हणून! पोझिशन बंद झाली तेव्हा घड्याळात बघितलं, ११ मिनिटं गेली होती. तोटा किती ते सांगत नाही. दोन मॉनिटरची किंमत निघाली असती एवढं धरा.

प्लांटवर प्रत्येक महत्त्वाच्या पंपाची जोडी असते. पी-१०१ ए चालू, पी-१०१ बी स्टँडबाय. आणि स्टँडबायचा पहिला नियम कुठलाही नवशिका फिटर सांगेल: बी अधूनमधून चालवायचा. नुसता उभा पंप म्हणजे पंप नव्हे, शोपीस. तीन आठवडे कपाटात पडलेला माझा लॅपटॉप शोपीसच होता. आणि मुळात मी पाच जादा मॉनिटर आणले होते ते सगळे ए पंपाला लावलेले प्रेशर गेज. बी नव्हताच.

त्यानंतर दुसऱ्या संगणकाच्या बाबतीत मी जरा अभ्यास केला. मोठा टॉवर, पुस्तकाएवढा छोटा डबा आणि लॅपटॉप, तिन्ही वापरून पाहिले. टॉवर बाद: जागा खातो आणि पहिल्याचेच सगळे दोष त्याच्यात असतात. छोटा डबा गोड आहे, साधारण कामाला १५-२० वॅटमध्ये भागवतो, म्हणजे यूपीएसवर खूप वेळ तग धरतो, आणि मॉनिटरच्या पाठीमागे व्हेसा नावाच्या ठरावीक मापाच्या चार स्क्रूंवर टांगता येतो. पण मी शेवटी लॅपटॉपवरच थांबलो, कारण त्याच्याकडे स्वतःची बॅटरी, स्वतःची स्क्रीन, स्वतःचा कीबोर्ड आणि फोनच्या हॉटस्पॉटवर जायची सोय आहे. त्याला माझ्या टेबलावरच्या कशाचीच गरज लागत नाही. स्टँडबायचा हाच गुण बघायचा, बाकी वेग वगैरे नंतर. घरात पाच वर्षं जुना लॅपटॉप पडला असेल तर नवीन काही घ्यायचीही गरज नाही. त्यावर एक चार्ट आणि ऑर्डरची खिडकी चालली की पुरे.

हे सोडून लोक काय करतात? दोन संगणक आणतात आणि एकाच राउटरला जोडतात. राउटर यूपीएसवर नसतो. वीज गेली की दोन्ही संगणक आनंदाने चालू आणि इंटरनेट गायब. प्लांटच्या भाषेत, दोन पंप आणि त्यांना पुरवठा करणारी सक्शन लाइन एकच. व्हॉल्व्ह बंद झाला की दोन्ही कोरडे. यूपीएसचं सांगायचं तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. साधारण ३६० वॅट धरा. २४ इंची मॉनिटर वीसेक वॅट खातो, म्हणजे माझे सहा मिळून १२० वॅट फक्त बघण्यासाठी जळत होते. तीन काढले तर यूपीएसचा वेळ वाढला. राउटर त्याच्यावर लावला, आणि लॅपटॉप मुद्दामच लावला नाही.

दोन संगणक एकाच माऊसने चालवायची हौस मीही करून घेतली. मायक्रोसॉफ्टचं माऊस विदाउट बॉर्डर्स फुकट आहे, चार संगणकांपर्यंत चालतं, आता पॉवरटॉईजमध्येच मिळतं. बाण या स्क्रीनवरून त्या संगणकाच्या स्क्रीनवर सरकत जातो. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते. वेगवेगळी कामं करणाऱ्या दोन संगणकांसाठी उत्तम, मी चांगले गुण देईन. पण ते घरच्या नेटवर्कवर चालतं. नेटवर्क गेलं की माऊस या बाजूला अडकतो. केव्हीएम स्विच, म्हणजे एक बटण दाबून कीबोर्ड-माऊस-मॉनिटर या संगणकावरून त्या संगणकावर नेणारी डबी, तिची गोष्टही तीच. ती डबी गेली की दोन्ही संगणक मुके. म्हणून स्टँडबायला ज्याचा त्याचा कीबोर्ड. टेबल थोडं गबाळं दिसतं, दिसू दे.

आणखी एक बारीक गोष्ट. बऱ्याच ठिकाणी एका लॉगिनवर एकाच वेळी एकच सत्र चालतं. दुसऱ्या संगणकावर शिरलात की पहिला बाहेर फेकला जातो. दोन्ही संगणक ऑर्डरसाठी कायम उघडे ठेवायचे स्वप्न बघण्याआधी आपल्या ब्रोकरकडे हे चालतं का ते करून बघा, आणि ते बाजार बंद असताना करून बघा.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. ज्यांच्या दोन्ही संगणकांवर तेच सॉफ्टवेअर होतं, त्यांचे दोन्ही जाऊ शकत होते. म्हणून माझा तिसरा आधार फोनवरचं ॲप आहे. चार्ट बघायला ते निरुपयोगी, पोझिशन बंद करायला पुरेसं. तेही दर आठवड्याला उघडून, लॉगिन करून बघतो. आणि ब्रोकरच्या ऑर्डर विभागाचा फोन नंबर कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलाय. सगळ्यात स्वस्त जोडणी.

आता थ्री माइल आयलंडची ती दुसरी गोष्ट. तिथे जादा दाब सोडणारा एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि पॅनेलवरचा दिवा तो बंद असल्याचं सुचवत होता. कारण दिवा व्हॉल्व्हची जागा दाखवत नव्हताच. बंद होण्याचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ तो व्हॉल्व्ह उघडा राहिला. ट्रेडिंगच्या स्क्रीनवर हे दिवे भरपूर असतात. ऑर्डर पाठवली म्हणजे भरली असं नाही. रद्द करायला सांगितली म्हणजे रद्द झाली असं नाही. आणि भाव गोठला तर तो शेवटचा आकडा तसाच टेबलावर बसून राहतो, शांत बाजारासारखा. इथे सहा मॉनिटर काडीचे कामाचे नाहीत, कारण सहाही एकाच तारेतून आलेलं एकच खोटं बोलतात. दुसरं यंत्र, दुसऱ्या इंटरनेटवर, शेजारी तोच भाव दाखवत असेल तर एका नजरेत कळतं की बाजार थांबलाय की माझा संगणक. दुसऱ्या संगणकाचा हा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता, आणि खरं तर रोज कामाला येतो तो हाच.

स्टॉप लॉस, म्हणजे ठरवलेल्या तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारी ऑर्डर, कुठे राहतो तेही एकदा तपासून घ्या. मेटाट्रेडर या ट्रेडिंगच्या प्रोग्रॅममध्ये साधा स्टॉप लॉस ब्रोकरच्या सर्व्हरवर बसतो, पण भावामागे सरकत जाणारा ट्रेलिंग स्टॉप तुमच्या संगणकावरच्या प्रोग्रॅममधून चालतो. संगणक बंद, की तो सरकणं बंद. शेवटचा जिथे होता तिथेच थांबतो. माझ्या त्या ११ मिनिटांत स्टॉप सर्व्हरवर असता तर हा सगळा लेखच झाला नसता. तो मी "मनात" ठेवला होता.

सध्याचा थाट असा: मधोमध २७ इंची १४४०पी, त्यावर चार्ट. डावीकडे २४ इंची, त्यावर ऑर्डर आणि पोझिशन. उजवीकडे दुसरा २४ इंची उभा फिरवून, त्यावर मार्केट डेप्थ; उभा मॉनिटर या एका कामासाठी नामी, यादी लांबच लांब दिसते. त्याच्याही उजवीकडे लॅपटॉप, फोनच्या हॉटस्पॉटवर, ट्रेडिंगच्या लॉगिनशिवाय नुसता भाव दाखवत. वरची रांग नाही. दोन मॉनिटर मुलगी घेऊन गेली, एक शेजारच्या मुलाला अभ्यासाला दिला. उरलेला एक विकायचाय, पण त्याचं स्टँड सापडत नाही.

दर शुक्रवारी पहिला अर्धा तास मुख्य संगणक चालूच करत नाही. सगळं लॅपटॉपवर, बारीक प्रमाणात. मागच्या शुक्रवारी त्याने पुन्हा पासवर्ड बदलायला सांगितला. बाजार उघडायला चार मिनिटं होती. चहा बाजूला ठेवून बदलला, आणि ९ वा शुक्रवार म्हणून वहीत लिहून ठेवलं: सव्वादोन मिनिटं.